पडद्याकडे पाठ

आप्पा सिनेमा बघताना मध्येच खुर्ची फिरवून पडद्याकडे पाठ करून बसायचे. माझ्या स्टुडिओतली खुर्ची फिरती, त्यामुळं त्यांना उठायचंही काम नव्हतं. टाचेनं फरशीला एक रेटा दिला की झालं. मग समोरच्या भिंतीकडे बघत बसायचे, हात मांडीवर, पाठ ताठ, आणि मागून बंदुकांचे आवाज येत राहायचे. ठरावीक जागा उलटली की "झालं?" असं विचारून पुन्हा वळायचे. सुरुवातीला मला वाटलं, वय झालंय, डोळे शिणत असतील. पुढं पुढं त्यांची खुर्ची फिरली की माझ्याच मानेवर कुणीतरी फुंकर घातल्यासारखं व्हायला लागलं.

मी मिरजेशेजारच्या विश्रामबागेत लग्नाच्या व्हिडिओंचं मिक्सिंग करतो. आमच्या अब्बांचं शिलाईचं दुकान होतं. ते कापड कापून जोडायचे, मी चित्र कापून जोडतो, आणि "उद्या नक्की देतो" हे वाक्य मला वारशात मिळालंय. आप्पा म्हणजे लोणंदचे रिटायर सुभेदार. त्यांच्या भाच्याच्या लग्नाचं काम मी केलं होतं, त्यावरून पत्ता काढत आले. कडक इस्त्रीचा शर्ट, खिशाला बटण, आणि बटण उघडून काढलेला पेनड्राइव्ह.

"मास्तर, ह्या पिच्चरचा येक व्हिडिओ करायचा हाय. भाईरचं गाणं नगं, पिच्चरचंच म्युझिक लावायचं. पोरं करत्यात तसला."

पोरं करतात तसला, म्हणजे फॅन व्हिडिओ. आवडत्या नटाची चित्रं सिनेमातून वेचायची, त्याच सिनेमाचं पार्श्वसंगीत घ्यायचं, तालावर कापून चार मिनिटांत बसवायचं आणि यूट्यूबवर सोडून द्यायचं. पेनड्राइव्हवरचा सिनेमा लढाईचा होता. आला तेव्हा सपाटून पडलेला, पण दर पंधरा ऑगस्टला टीव्हीवर लागून लागून मोठा झालेला. सातारकडच्या गावांत घरटी एक माणूस फौजेत, तिथं तर त्यातली बिगुलाची धून निम्म्या फोनांत वाजते. मी विचारलं, "हिरोचाच करायचा ना?"

"हिरो काय करायचाय? माझा दोस्त हाय त्यात. मागं, गर्दीत."

दोस्ताचं नाव दिनकर, गाव कवठे महांकाळकडचं. त्या सिनेमाला आप्पांच्या पलटणीनं माणसं दिली होती, गर्दीत पळायला आणि गोळी लागून पडायला. त्याच सुमारास दिनकर वारला. त्याची बायको तेव्हा पोटुशी होती. मुलगी झाली ती रूपाली. ती आता मिरजेला नर्स होती, तिचं लग्न ठरलं होतं, आणि बापाला तिनं फोटोशिवाय कशातच पाहिलेलं नव्हतं. आमच्या धंद्यात वारलेल्या बापाचा फोटो ढगात घालायची पद्धत आहे. निळं आभाळ, पांढरे ढग, त्यातून बाप नवरानवरीवर फुलं टाकतो. लोक हुंदके देतात आणि मला चहा देतात. मी आप्पांना तेच सुचवलं.

"ढगातला नगं," आप्पा म्हणाले. "तिला चालता बाप दावायचा हाय."

"मग सिनेमाच दाखवा की तिला. आयता आहे."

"सगळा न्हाई. त्यात येक जागा हाय. ती तिच्या नजरंला पडाय नगं."

आप्पांची सगळी धडपड एवढ्याच गोष्टीची होती. पोरीला बाप दिसावा, पण ती एक जागा दिसू नये. आणि ती जागा आली की त्यांची खुर्ची फिरायची.

लोणंदहून ते पॅसेंजरनं यायचे. हातात वायरची पिशवी आणि पिशवीत कांदे. माझ्या घरी कांदा विकत आणणं बंद झालं. बायको विचारायची, हे गिऱ्हाईक आहे की अडत्या? मी एकदा म्हटलं, "आप्पा, लोणंदला स्टुडिओ नाहीत का? एवढा त्रास कशाला?" ते म्हणाले, "हायत की. पर तिथली समदी वळखीची. वळखीचा माणूस लय इचारतो." हे सांगताना माझ्याकडे असं बघितलं की मी पुढं विचारणं सोडून दिलं.

त्यांचं एक पेटंट वाक्य होतं, "हलला त्यो गेला." दबा धरून बसायच्या ट्रेनिंगमध्ये उस्तादानं डोक्यात बसवलेलं. ते कशालाही लावायचे. गॅलरीच्या कठड्यावरच्या मांजराला, फोटोसाठी उभ्या केलेल्या नवरदेवाला, माझ्या हातातल्या माऊसला. एके दुपारी लाइट गेली. माझ्या खोलीला आवाजासाठी चारी बाजूंनी फोम मारलेला, खिडकी नावालासुद्धा नाही, त्यामुळं भर दुपारी तळघरासारखा अंधार. मी म्हटलं, "आप्पा, बसा, टॉर्च लावतो." उत्तर नाही. पुन्हा हाक मारली. काहीच नाही. वाटलं, बाहेर गेले असतील. फोनचा टॉर्च लावला तर आप्पा माझ्यापासून हातभर अंतरावर, डोळे उघडे, पापणी न लववता बसलेले. लाइट आली तसे ते म्हणाले, "सवय हाय. अंधार झाला की मी हालत न्हाई." आणि पिशवीतून शेंगदाण्याची वडी काढून मला दिली. मी ती खाल्ली, पण चव काही लागली नाही.

दिनकरची चित्रं वेचणं हे किचकट काम होतं. अख्ख्या सिनेमात माणूस मिळून पाऊण मिनिटाचा. रांगेत चालताना, बाटलीतून पाणी पिताना, हिरो भाषण ठोकतो तेव्हा मागं दात काढून हसताना. उंच, किडकिडीत, कान बाहेर आलेले. बाकीचे जवान कॅमेऱ्याकडे बघायचं नाही म्हणून कसोशीनं लांब बघतायत, आणि हा पठ्ठ्या थेट आपल्याकडे बघतोय. आप्पांना त्याची प्रत्येक जागा पाठ होती. मी चित्र लावायच्या आधीच ते पडद्यावर बोट ठेवायचे, आणि नेमका तिथंच दिनकर उगवायचा.

पाऊण मिनिट काही पुरेना. मग मी आमच्या धंद्यातली युक्ती केली. तो चालतो ते चित्र सुलटं लावलं, आणि लांबी वाढावी म्हणून पुढं तेच उलटं जोडलं. दिनकर चार पावलं पुढं आला आणि तसाच, आपल्याकडे बघत, हसत, मागं मागं गेला. आप्पा ताडकन उठले.

"काढा त्ये. उलट्या पायानं कोण चालतं म्हाईत हाय न्हवं?"

मी ते चित्र काढलं. पण त्या दिवशी घरी जाताना जिना उतरताना दोनदा मागं वळून बघितलं, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही.

सराव म्हणून आम्ही हिरोचेही दोन-तीन व्हिडिओ करून यूट्यूबवर टाकले. ते चांगले चालले, पण सगळे एकाच ठिकाणी थांबायचे. जवान हल्ल्याला निघतात, बिगूल चढत जातो आणि खलास. खाली पोरं लिहायची, मेन सीनच कापलाय की राव. मलाही ते खुपायचं. जेवायला बसवून पुरणपोळी झाकून ठेवल्यासारखं ते काम. आप्पा म्हणायचे, "हितंच थांबायचं." त्यापुढं चर्चा नाही.

पंधरा ऑगस्टला लोणंदजवळच्या त्यांच्या गावात पोरांनी शाळेच्या पटांगणात पडदा लावला. आमचा हिरोचा व्हिडिओ दाखवायचा होता, प्रोजेक्टर घेऊन मी गेलो. दिवस मावळता मावळता व्हिडिओ झाला, टाळ्या झाल्या. आता उठायचं तर पोरं म्हणाली, अख्खा पिच्चरच लावूया. आप्पा नको म्हणायच्या आत कुणीतरी लावलासुद्धा. ती जागा जवळ आली तसे आप्पा पुढं गेले आणि पडद्याकडे पाठ करून लोकांच्या समोर उभे राहिले. पडद्याचा उजेड लोकांच्या तोंडावर हलत होता, आणि आप्पा एकेक तोंड तपासत होते. हल्ला झाला, धूर झाला, माणसं पडली, मग संगीत थांबून नुसता वारा सुटला. कॅमेरा पडलेल्या जवानांवरून सावकाश फिरायला लागला. तेवढ्यात मागून एक पोरगं शिट्टी मारून ओरडलं, "त्यो डावीकडचा बघ, काय मेलाय राव!"

लोक हसले. आप्पा पटांगणातून चालत बाहेर गेले ते त्या रात्री मला परत दिसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी स्टुडिओत एकट्यानं ती जागा लावली. सिनेमात मेलेली माणसं मरत नाहीत, हे मोठ्या पडद्यावर लक्ष देऊन बघितलं की कळतं. त्यांची पोटं हलतात. धावून आलेला माणूस दम किती दाबणार? ओळीनं पडलेल्या सगळ्यांची पोटं वरखाली होत होती. डावीकडच्या एकाचं होत नव्हतं. मी चित्र मोठं केलं, पुन्हा मागं नेलं, पुन्हा बघितलं. उंच, किडकिडीत, कान बाहेर आलेले. त्याच्या शेजारी तरुणपणीचे आप्पा पडले होते, आणि त्यांचं पोट हलत होतं. मी मशीन बंद करून बाहेर उन्हात जाऊन उभा राहिलो.

पुढच्या खेपेला आप्पा आले तेव्हा त्यांनी माझं तोंड बघूनच ओळखलं. कांदे कोपऱ्यात ठेवले आणि भिंतीकडे तोंड करून सांगायला लागले.

"उंचावरची जागा, हवा इरळ. दोनदा शॉट घेतला, दोनदा कोनतरी हसलं. मग त्यो शिनेमावाला वराडला, कट बोलेपर्यंत कोई नहीं हिलेगा. आमच्या सायबानंबी तसाच हुकूम सोडला. तिसऱ्या बारीला पळालो, पडलो. दिन्या माज्या डाव्या अंगाला. जरा येळानं त्याचा श्वास ऐकला मी. मोटा, आत वडल्याला. पान्यात पडल्याला माणूस वर येऊन घेतो तसला. मी मनात म्हनलं, दिन्या, हालू नगंस, परत कराय लावतील. मग पुन्यांदा आवाजच न्हाई. मी हाललो न्हाई. वरनं क्यामेरा गेला. कट म्हनल्यावर समदी उटली, धूळ झाडाय लागली. ह्यो उटंना. आमी हसलो मास्तर. येकानं तर टाळी वाजीवली, लय मुरलाय गडी म्हनून."

हृदय बंद पडलं, डॉक्टरनं सांगितलं. घरी कळवलं ते खरंच कळवलं, ड्यूटीवर असताना गेला म्हणून. फक्त त्या वेळी कॅमेरा चालू होता, हे कुणी कळवलं नाही. सिनेमावाल्यांनी एवढी माणसं पाडली होती की कुठल्या चित्रात कोण पडलं, हे त्यांना तरी कुठं ठाऊक? आप्पांनाही ते थिएटरातच कळलं, सिनेमा लागल्यावर.

"त्यानं मला हाक मारली का, एवढंच कळत न्हाई," ते म्हणाले. "त्यो श्वास हुता का हाक हुती? आवाज हाय त्यात अजून. त्या वाऱ्यात."

मी त्यांना समजावलं. सिनेमातला वारा नंतर भरतात आप्पा, बंद खोलीत, मशीनवर. आप्पा म्हणाले, "ह्यो तिथलाच हाय." ते गेल्यावर मी हेडफोन लावून ऐकलं. वारा, वारा, आणि कॅमेरा डावीकडे पोचायच्या जरा आधी कुणीतरी घाईनं घेतलेला एक श्वास. मी हेडफोन काढून टेबलावर ठेवले आणि सरळ घरी गेलो. तो वारा तिथला होता की बंद खोलीतला, आणि तो श्वास कुणाचा, ते मला आजही सांगता येणार नाही.

व्हिडिओ शेवटी झाला. उलटं काही नाही, ढग नाहीत. दिनकर चालतो, पाणी पितो, हसतो, वळून आपल्याकडे बघतो, आणि बिगूल वर चढतो तिथं संपतो. रविवारी सकाळी रूपाली मिरजेहून स्कूटरवरून आली. उंच, किडकिडीत. कानांबद्दल मी बोलत नाही. तिनं व्हिडिओ एकदा बघितला. मग पुन्हा लावायला सांगितला.

"यांचा चालताना डावा खांदा खाली जातो," ती म्हणाली. "माझापण जातो. आई सारखी ओरडायची, सरळ चाल म्हणून. कुणाचं आलंय ते आम्हाला ठाऊकच नव्हतं."

आप्पांनी मान खाली घातली. तिनं डोळे पुसले आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "आप्पा, पिक्चर मी बघितलाय."

आप्पांनी मान वर केली.

"होस्टेलवर बघितला, सव्वीस जानेवारीला. चालताना नाही ओळखलं मी, कधी बघितलेच नव्हते ना चालताना. ते पडलेले दिसले तेव्हा लगेच ओळखलं. फोटोत दिसतात तसेच होते. अजिबात न हलणारे." मग ती म्हणाली, "मी नर्स आहे आप्पा. सोंग घेतलेला माणूस आणि गेलेला माणूस मला कळतो. शेजारी तुमीच हुता न्हवं?"

"मीच हुतो."

मग आप्पांनी तिला सगळं सांगितलं, मला सांगितलं होतं त्याच शब्दांत. फरक एवढाच की या वेळी त्यांचं तोंड भिंतीकडे नव्हतं, तिच्याकडे होतं. शेवटी म्हणाले, "हुकूम हुता पोरी. मी हाललो न्हाई. हाललो असतो तर तुजा बाप..."

"ऐकवा मला तो आवाज," ती मला म्हणाली.

मी ती जागा लावली. आप्पांनी नेहमीसारखी खुर्ची फिरवली नाही, पण डोळे मिटून घेतले. रूपालीनं हेडफोन कानांवर दोन्ही हातांनी दाबून धरले आणि ऐकलं. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होतो. त्यावर काहीच हललं नाही. वॉर्डात नातेवाइकांसमोर ठेवायचा चेहरा असतो, तो असावा. तिनं हेडफोन काढले.

"वारा आहे आप्पा. नुसता वारा. एवढ्या वर्षांत तुमच्या मनानंच त्याचा श्वास केलाय. आणि अशा वेळी हृदय थांबलं की माणूस हाक मारू शकत नाही. कुणी डॉक्टर शेजारी असता तरी तिथं काही चाललं नसतं."

आप्पांनी तिच्याकडे एकदा बघितलं. मग उठले, "च्या सांगून येतो," म्हणाले आणि बाहेर गेले. दार लागलं तशी ती माझ्याकडे वळली.

"दादा, तो आवाज काढता येतोय का? ते परत ऐकतील. त्यांना ऐकू यायला नको."

मला विचारायचं होतं, तुला नक्की काय ऐकू आलं? विचारलं नाही. अब्बा फाटलेल्या सदऱ्याला त्याच ताग्यातलं कापड आतून लावायचे, तसा मी त्याच वाऱ्याचा पुढचा तुकडा उचलला आणि त्या जागी बसवला. सांधा दिसू नये म्हणून दोन्ही कडा मऊ केल्या. आयुष्यात एवढं स्वच्छ काम मी केलेलं नाही. आप्पा चहा घेऊन आले तोवर ते झालं होतं.

"आप्पा, तुम्हीच ऐका एकदा," रूपाली म्हणाली. "माझ्यासमोर ऐका."

त्यांनी हेडफोन लावले. पडद्याकडे तोंड करून बसले आणि या वेळी डोळे उघडे ठेवले. कॅमेरा सावकाश त्या ओळीवरून फिरत डावीकडे गेला, दिनकरवर पोचला, पुढं सरकला. आप्पांनी हेडफोन काढून नीट गुंडाळून जागेवर ठेवले.

"व्हय," ते म्हणाले. "वाराच हाय."

रूपाली रडली, मग हसली, मग चहा थंड झाला म्हणून आम्हाला रागावली. ती गाडी काढायला खाली गेली. आप्पांनी चपला घातल्या, पिशवी घेतली आणि दारात थांबले.

"आवाज काढलासा न्हवं?"

मी चहाचे कप गोळा करायला लागलो.

"तिला ऐकू आलता. हात कसं दाबून धरलं हुतं, पापण्यांच्या फटीतनं बगितलं की मी." त्यांनी खिशाचं बटण उगाच काढून पुन्हा लावलं. "मला कळलंय ह्ये तिला सांगू नगा मास्तर. लय जीव लावून खोटं बोललीया पोरगी."

मी गॅलरीत येऊन बघितलं. रूपाली गाडी चालू करून बसली होती. आप्पा मागं बसले, कवायतीला बसल्यासारखे ताठ, हात स्वतःच्या गुडघ्यांवर. तिनं मागं न बघता त्यांचा एक हात उचलला आणि आपल्या खांद्यावर ठेवला. त्यांनी तो काढला नाही. गाडी मिरजेच्या रस्त्याला लागली, पिशवी हेलकावे खात राहिली. आप्पांना मी बघितलं ते तेवढंच शेवटचं.

लग्नाच्या आधीच ते वारले, लोणंदला, झोपेत. रूपालीचा फोन आला. "एक बरं झालं दादा," ती म्हणाली, "तो आवाज आपण काढला. त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही."

"नाही," मी म्हटलं. "कळलं नाही."